जुनी लष्करी रायफल कमी खर्चात आपल्या सोयीची कशी करतात? (थ्री-नॉट-थ्रीच्या निमित्ताने)

आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस हवालदार उभा राहतो. बँकेबाहेर, कोर्टाच्या आवारात, बंदोबस्तात, खांद्यावर लांबलचक लाकडी रायफल. २००८ सालच्या २६ नोव्हेंबरला मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती आणि समोर एके-४७. तेव्हापासून ती आपल्या मनात ‘जुनाट हत्यार’ म्हणून पक्की बसली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर तिला रीतसर निरोप दिला.

पण हीच रायफल अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात हौशी लोक विकत घेतात, साफ करतात, आपल्या हाताला बसेल अशी करून घेतात आणि हरणाच्या शिकारीला किंवा नेमबाजीच्या मैदानावर नेतात. त्यातल्या बऱ्याच रायफली आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या असतात. या लेखात हे काम नेमकं कसं चालतं, पैसा कुठे घालावा, कुठे अजिबात घालू नये आणि करवत हातात घेण्याआधी दहादा विचार का करावा, ते बघूया. भारतातला कायदा वेगळा आहे, त्याचा भाग शेवटी आहे. तो वाचल्याशिवाय लेख सोडू नका.

‘सरप्लस’ म्हणजे काय?

सैन्याने नवी बंदूक स्वीकारली की जुन्या लाखो बंदुकी गोदामात पडून राहतात. त्यातल्या काही वितळवल्या जातात, काही दुसऱ्या देशांना दिल्या जातात आणि काही घाऊक भावात व्यापाऱ्यांना विकल्या जातात. व्यापाऱ्यांकडून त्या सामान्य ग्राहकाकडे येतात. हाच लष्करी सरप्लस.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा रायफलींचा अक्षरशः पूर आला. जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफील्ड, इटालियन कारकानो, अमेरिकेची स्वतःची स्प्रिंगफील्ड. मासिकातलं कूपन कापून पाठवायचं, पैसे भरायचे, रायफल टपालाने घरी. किंमत किती? ली हार्वे ओसवाल्डने १९६३ साली शिकागोच्या एका दुकानातून जी कारकानो टपालाने मागवली, ती दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला होती. केनेडींच्या हत्येनंतर हा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांवर आला आणि १९६८ च्या ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ने टपाली विक्री आणि सरप्लसची आयात दोन्ही रोखली. १९८० च्या दशकात आयातीची दारं पुन्हा काही प्रमाणात उघडली. पुढे २००० नंतरच्या दशकात रशियन मोसिन-नागांत शंभर डॉलरच्या आत मिळत होती. आता ते दिवस गेले.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. रायफल कापून-छाटून शिकारी बंदूक करण्याची पद्धत, ज्याला तिकडे ‘स्पोर्टराइझ’ करणं म्हणतात, ती वीस डॉलरच्या जमान्यात जन्मली. तेव्हा नवी शिकारी रायफल कामगार माणसाला परवडत नव्हती आणि सैन्याची रायफल कवडीमोल होती. लांब लाकूड अर्धं कापायचं, संगीन अडकवायची टोपी काढून फेकायची, नळी थोडी छोटी करायची, वरून पॉलिश मारायचं, झाली शिकारी रायफल. त्या काळात त्यात चूक काहीच नव्हतं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या नामांकित कंपन्यासुद्धा एनफील्ड अशाच बदलून विकत होत्या.

आज गणित उलटं झालं आहे. मूळ रूपातली, नंबर जुळणारी ली-एनफील्ड संग्राहकांना हवी असते आणि तिची किंमत दरवर्षी चढते आहे. तीच रायफल करवतीने कापली की किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. वर तुम्ही लाकूड, दुर्बीण, माउंट यांवर खर्च केलेला असतो तो वेगळाच. अमेरिकेत साधी नवी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल चारशे-पाचशे डॉलरला मिळते, ती अचूकही असते. म्हणजे निव्वळ ‘स्वस्तात शिकारी रायफल’ हवी असेल तर सरप्लस कापणं हा आज सर्वात महागडा मार्ग आहे.

मग स्वस्तात करायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे. मूळ रायफलीवर फक्त असेच बदल करा जे स्क्रू काढून परत फिरवता येतील. आणि कापलेलीच हवी असेल तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कापून ठेवलेली घ्या. अशा रायफली तिकडच्या दुकानांत कोपऱ्यात पडलेल्या असतात, स्वस्त असतात आणि त्यांच्यावर काहीही प्रयोग केला तरी इतिहासाचं नुकसान होत नाही. ते आधीच झालेलं असतं.

ईशापूर आणि २ए१ ची गोष्ट

ली-एनफील्ड ही एकच रायफल नाही, ते अख्खं घराणं आहे. जेम्स पॅरिस ली या माणसाचा बोल्ट आणि मॅगझिन, म्हणून ‘ली’, आणि इंग्लंडमधल्या एनफील्डच्या कारखान्यावरून ‘एनफील्ड’. पहिल्या महायुद्धात गाजली ती एसएमएलई मार्क ३, जिला नंतर ‘नंबर १’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात आली ती ‘नंबर ४’. नंबर ४ इंग्लंडखेरीज कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीतही बनली. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यूएस प्रॉपर्टी’ असा छाप दिसतो, कारण त्या उधार-मदतीच्या योजनेत ब्रिटनला दिल्या होत्या.

भारतात मात्र ईशापूरने नंबर १ च चालू ठेवली. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला ७.६२ मिमी नाटो काडतुसाच्या रायफली तातडीने हव्या होत्या. तेव्हा ईशापूरने जुन्याच आराखड्यावर, पण अधिक मजबूत पोलादाची नवी रायफल बनवली. तिचं नाव २ए, आणि मागची साइट २००० ऐवजी ८०० मीटरपर्यंत आखली तेव्हा झाली २ए१. बऱ्याच लोकांना वाटतं की २ए१ म्हणजे जुनी .३०३ पोखरून ७.६२ केलेली. तसं नाही. ती मुळातच ७.६२ साठी बनवलेली रायफल आहे. जुन्या नंबर १ च्या पोलादावर ७.६२ ची नळी बसवण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये, ते पोलाद त्या दाबासाठी नव्हतंच.

अमेरिकेत २ए१ ची काडतुसं सहज मिळतात, म्हणून तिला गिऱ्हाईक जास्त. गिब्ज नावाच्या कंपनीने तर २ए१ आखूड करून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या. खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर ५, जी १९४४ ते १९४७ दरम्यान बनली. दुकानात ‘जंगल कार्बाइन’ अशी पाटी दिसली तर आधी छाप वाचा. खरी आणि नंतर केलेली यांच्या किमतीत बराच फरक असतो.

एक वाद इथेच सांगून टाकतो. नाटोचं ७.६२ × ५१ आणि बाजारात मिळणारं .३०८ विंचेस्टर ही काडतुसं बाहेरून सारखी दिसतात, पण दोन्हींची मापं आणि दाबाचे निकष तंतोतंत एक नाहीत. २ए१ मध्ये .३०८ चालतं असं म्हणणारे खूप आहेत, नको म्हणणारेही खूप आहेत. पन्नास-साठ वर्षं जुन्या, मागच्या बाजूला लॉक होणाऱ्या बोल्टच्या रायफलीत मी नाटो दर्जाचंच काडतूस वापरा असं सांगेन. काडतुसामागे चार पैसे वाचवायला डोळा पणाला लावण्यात अर्थ नाही.

पैसे देण्याआधी काय तपासायचं

कमी बजेटमध्ये सगळ्यात चांगला खर्च कोणता, तर चांगल्या गनस्मिथला तपासणीसाठी दिलेली फी. बाकी सगळं नंतर.

रायफल हातात घेतली की पहिलं काम मॅगझिन काढणं, बोल्ट उघडणं आणि चेंबरमध्ये बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करणं. दुकानदार म्हणाला ‘रिकामी आहे’ तरीही. मग नंबर बघा. बोल्टच्या दांड्यावरचा आणि रिसीव्हरवरचा नंबर एकच हवा. ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या दोन लगवर लॉक होतो आणि हे दोन्ही लग सारखे टेकतील असे कारखान्यात हाताने बसवलेले असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर तो बंद होईल, पण सगळा दाब कदाचित एकाच लगवर येईल.

त्यानंतर हेडस्पेस. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या बुडाशी आणि बोल्टच्या तोंडाशी किती मोकळी जागा उरते, ते हे माप. जागा जास्त असेल तर बार उडताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे माप डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी गेज लागतात. नंबर ४ मध्ये एक सोय मात्र आहे. बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि ते ०, १, २, ३ अशा क्रमांकांचं असतं, प्रत्येक पुढचा क्रमांक किंचित लांब. हेडस्पेस वाढली असेल तर एक नंबर पुढचं डोकं बसवून ती अनेकदा मर्यादेत आणता येते. सैन्याने दुरुस्तीचा विचार करून ठेवलेला हा भाग आजच्या हौशी माणसाचे किती पैसे वाचवतो बघा. नंबर १ आणि २ए१ च्या डोक्यांवर असे क्रमांक नसतात, तिथे गनस्मिथला एकेक डोकं लावून बघावं लागतं.

नळी आतून बघा. थोडी काळपट असली तरी आटे ठळक असतील तर ती चांगली मारते. जास्त काळजी तोंडाची घ्यायची. सैनिक दोरीला कापड बांधून नळी ओढून साफ करायचे. दोरी वर्षानुवर्षं तोंडाच्या एकाच कडेला घासून तिथे खोबण पडते आणि गोळी बाहेर पडताना कलते. दुसरं असं की .३०३ च्या नळ्यांची आतली मापं एकसारखी नसतात. युद्धकाळात घाईत बनलेल्या नळ्या ढिल्या असतात, मग नेहमीची गोळी आट्यांत घट्ट बसत नाही आणि निशाणा फाकतो.

काही रायफली घ्यायच्याच नाहीत. ‘डीपी’ असा छाप असेल तर ती कवायतीची रायफल, मुद्दाम निकामी केलेली, कधी नळीला भोक पाडून तर कधी पिन आखूड करून. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली. तिने सोसलेले धक्के वेगळेच. नळी गुळगुळीत आणि एकावेळी एकच काडतूस भरता येणारी असेल, तर ती ईशापूरने पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरची केलेली मस्केट असू शकते. तिला .३०३ समजणं जिवावर बेतेल. आणि अक्षरं उलटी किंवा इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं असेल तर ती बहुतेक खैबर खिंडीकडच्या दर्रा आदम खेलमधली हाताने बनवलेली नक्कल. भिंतीवर टांगायला छान, चालवायला नाही.

इतर घराण्यांतही असे सापळे आहेत. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड कारखान्याचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या खालचा नंबर असलेला रिसीव्हर ठिसूळ असू शकतो, कारण तेव्हा पोलाद तापवण्याचा अंदाज कामगाराच्या डोळ्यांवर सोडलेला होता. नंबर वाचायला एक मिनिट लागतं, पैसे लागत नाहीत.

पहिला बदल: नुसती सफाई

गोदामातल्या रायफली कॉस्मोलीन नावाच्या दाट, मेणासारख्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवतात. ते दशकानुदशकं गंज येऊ देत नाही, पण लाकडात आणि चेंबरमध्ये शिरून बसतं. चेंबरमध्ये राहिलं तर बोल्ट अडकतो आणि मालक म्हणतो रायफल खराब आहे. लोखंडी भाग मिनरल स्पिरिटने धुतले, कापडाने पुसले आणि हलकं तेल लावलं की काम झालं. लाकडी भाग काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवले की ग्रीस घामासारखं बाहेर येतं, पुसायचं आणि पुन्हा ठेवायचं. दोन-चार दिवसांचं काम आहे, खर्च जवळजवळ शून्य. ‘घट्ट’, ‘अडकणाऱ्या’ रायफलींपैकी कितीतरी फक्त एवढ्यावर सुधारतात.

लाकूड: इथे खरी मजा आहे

ब्रिटिश सैन्य लाकडाला कच्चं जवसाचं तेल लावायचं. तेच लावा. जुना काळा थर सँडपेपरने घासून काढू नका, कारण त्याबरोबर तपासनिसांचे छोटे छाप आणि कडाही जातात. वर चकचकीत पॉलिश मारलेली एनफील्ड मला तरी लग्नात भाड्याचा कोट घातलेल्या काकांसारखी दिसते.

आता बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. बहुतेक रायफलींचं लाकूड एकसंध असतं, ली-एनफील्डचं मात्र दोन तुकड्यांत आहे. बट स्वतंत्र निघतो आणि सैन्याने तो चार मापांत बनवला होता: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि बँटम. नॉर्मलपेक्षा लाँग अर्धा इंच मोठा, शॉर्ट अर्धा इंच छोटा, बँटम त्याहून छोटा. लाकडावर ‘एल’, ‘एस’, ‘बी’ अशी अक्षरं असतात. म्हणजे उंच माणसाला किंवा लहान चणीच्या बाईला रायफल बसत नसेल तर काही कापायला नको. जुन्या सुट्या भागांतून दुसऱ्या मापाचा बट आणायचा आणि बदलायचा. माझ्या मते कमी पैशातला सगळ्यात उपयोगी बदल हाच, कारण रायफल खांद्याला नीट बसली नाही तर महागडी दुर्बीणही काही करू शकत नाही.

इथे एक मोठी चूक हमखास होते. बट काढायला मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला बोल्ट फिरवतात. नंबर १ आणि २ए१ मध्ये या बोल्टचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाला लावलेल्या पट्टीत अडकलेलं असतं, म्हणजे तो आपोआप सैल होत नाही. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट जोराने फिरवला की टोक फिरताना लाकूड फाडतं. कड्कन आवाज येतो आणि शंभर वर्षं टिकलेलं लाकूड दोन सेकंदात जातं. क्रम लक्षात ठेवा: आधी पुढचं लाकूड काढायचं, मग बट. बसवताना आधी बट पक्का करायचा, मग पुढचं लाकूड.

पुढचं लाकूड म्हणजे नुसती शोभा नाही, हे कापणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं. एनफील्डची नळी बारीक आहे आणि बार उडताना ती थरथरते. नंबर १ मध्ये तोंडाजवळच्या टोपीपर्यंत लाकूड जातं आणि आत एक छोटी स्प्रिंग नळीला खालून आधार देते. नंबर ४ मध्ये लाकडाचं पुढचं टोकच नळीला काही पौंडांच्या दाबाने वर उचलून धरतं. त्यामुळे प्रत्येक गोळीला थरथर सारखी राहते. लाकूड कापलं की हा आधार गेला. मग लोक म्हणतात, ‘कापल्यावर हलकी झाली, पण मारत नाही.’ मारणार कशी?

मागच्या टोकाला, रिसीव्हर जिथे लाकडाला टेकतो तिथे, जुनं लाकूड तेलाने मऊ होऊन झिजलेलं असतं. तिथली ढिलाई काढणं हे अचूकतेसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम. इपॉक्सी किंवा कडक लाकडाचे छोटे तुकडे बसवून ते करतात, सामान स्वस्त, पण हात स्थिर हवा. भारतीय रायफलींमध्ये याच भागात आडवा स्क्रू दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून ईशापूरने घातलेला हा स्क्रू, म्हणून त्याला जगभर ‘ईशापूर स्क्रू’च म्हणतात. तो कुरूप दिसतो म्हणून काढू नका.

साइट आणि दुर्बीण

नंबर ४ ची मागची साइट छोट्या भोकाची आहे आणि बिनदुर्बिणीच्या रायफलींत ती उत्तमच मानली जाते. गोळी सतत वर किंवा खाली लागत असेल तर पुढची माशी बदला. माशा वेगवेगळ्या उंचीच्या, क्रमांक असलेल्या मिळतात, किंमत किरकोळ. आधी हे करून बघा.

दुर्बीण हवीच असेल तर रिसीव्हरला भोकं पाडून आटे काढायचे नाहीत. भोक बुजत नाही. त्याऐवजी मागच्या साइटच्या जागी, तिच्याच स्क्रूवर बसणारे माउंट मिळतात. ते थोडे उंच येतात, त्यामुळे गाल लाकडावर टेकत नाही. त्यावर उपाय म्हणजे बटवर दोरीने बांधायची चामड्याची किंवा कापडाची गादी. युद्धात हॉलंड अँड हॉलंडने नंबर ४ च्या स्नायपर रायफली तयार केल्या, तेव्हा बटवर लाकडी उशी स्क्रूने बसवली होती, अडचण तीच होती. नंबर १ आणि २ए१ मध्ये मागची साइट नळीवर, बरीच पुढे असते. तिच्या जागी लांबून बघायची ‘स्काउट’ दुर्बीण लावतात. पुठ्ठ्याच्या खोक्यातली सगळ्यात स्वस्त दुर्बीण मात्र घेऊ नका. लष्करी काडतुसाच्या धक्क्याने तिचं निशाण आठवडाभरात सरकतं.

चाप: हात लावू नका

सैन्याचा चाप दोन टप्प्यांचा असतो. आधी हलकी ओढ, मग एक अडथळा, मग बार. नव्या माणसाला तो ‘ढिला’ वाटतो आणि तो कानस घेऊन बसतो. चापाचे आतले पृष्ठभाग थोडेसे चुकीचे घासले गेले तर रायफल बोल्ट बंद करतानाच उडू शकते. ज्याला हे काम येतं त्यालाच द्या.

नंबर १ च्या चापाबद्दल एक गंमत आहे. त्यात चाप रिसीव्हरला नाही, चापाच्या खालच्या कडीला अडकवलेला असतो आणि ती कडी लाकडाला. पावसाळ्यात लाकूड फुगलं की चापाची ओढ बदलते. पुढे नंबर ४ मार्क २ मध्ये चाप सरळ रिसीव्हरला टांगला आणि प्रश्न मिटला. तुमच्या रायफलीचा चाप ऋतूप्रमाणे मूड बदलत असेल तर दोष चापात नाही, लाकडाच्या ढिलाईत शोधा.

काडतुसं आणि पाणी

जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात मिळाली तर त्यांच्या टोपीत क्षार असतात. बार उडाला की ते नळीत बसतात, हवेतला ओलावा ओढतात आणि नळी गंजते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून मैदानावरून आल्यावर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतायचं, कोरडी करायची, मग तेल. ब्रिटिश सैनिक यासाठी खास नरसाळं वापरायचे. .३०३ चं चेंबर मुद्दाम सैल बनवलेलं होतं, खंदकातल्या चिखलातही काडतूस आत जावं म्हणून. त्यामुळे पुंगळी प्रत्येक बाराला फुगते आणि जे लोक पुंगळ्या पुन्हा भरतात त्यांच्या पुंगळ्या लवकर फाटतात. नव्या रायफलीच्या तुलनेत हा खर्च धरूनच हिशोब करा.

कायदा: तिकडचा आणि आपला

अमेरिकेत रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड केली तर ती १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’खाली येते, परवानगीशिवाय तसं करणं गंभीर गुन्हा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या मूळ रायफली संग्राहकाच्या विशेष परवान्यावर, म्हणजे तीन वर्षांना ३० डॉलर फीच्या परवान्यावर, घेता येतात, पण त्यासाठी रायफल मूळ रूपात हवी. कापलेली असली की ती सवलत जाते. न कापण्याचं हे आणखी एक कारण. तिथल्या राज्यांचे कायदेही वेगवेगळे आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ‘मित्राने सांगितलं’ यावर न जाता आपल्या राज्याचा नियम वाचावा.

भारतात .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही लष्कर-पोलिसांची काडतुसं असल्यामुळे त्यांच्या रायफली ‘निषिद्ध बोअर’मध्ये मोडतात. सामान्य परवान्यावर त्या मिळत नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तिचं रूपांतर करणं किंवा नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. स्वतःची परवान्याची बंदूक असली तरी काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यायचं. आजोबांची जुनी रायफल माळ्यावर सापडली तर ती घरी खोलून बसू नका, सरळ पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे जा.

पण ली-एनफील्ड आपल्याकडे दुसऱ्या रूपात जिवंत आहे. ईशापूरने याच बोल्टवर .३१५ बोअरची शिकारी रायफल बनवली. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं, सैन्य ते वापरत नाही, म्हणून ते निषिद्ध नाही. अनेक शेतकरी आणि जुन्या शिकारी घराण्यांकडे परवान्यावर आहे ती हीच. तिकडचा हौशी माणूस गॅरेजमध्ये करतो तो बदल इथे कारखान्यानेच करून दिला आहे.

उलटी दुरुस्ती

कमी बजेटवाल्याला मी सुचवेन असा प्रकल्प हा: नळी न कापलेली, फक्त लाकूड कापलेली जुनी स्पोर्टराइझ एनफील्ड शोधा. १९५०-६० च्या दशकांत हजारो लोकांनी फक्त लाकूड कापलं, नळीला हात लावला नाही. अशा रायफलीला मूळ लांबीचं पुढचं लाकूड, वरचं आवरण, पट्ट्या आणि तोंडाची टोपी जमवली की ती पुन्हा १९४३ सालासारखी उभी राहते. भाग एकेक करून, महिन्याला थोडे पैसे टाकून जमवता येतात. ईशापूरची जुनी सुटी लाकडं तिकडच्या दुकानांत मिळत आली आहेत आणि नंबर १ च्या रायफलीला ती साधारण बसतात. साधारण म्हणजे कानस, चिकाटी आणि एखादा रविवार लागतो. नळीच्या तोंडापासून माशीच्या ठोकळ्यापर्यंतचं अंतर आधी मोजून घ्या. नळी दोन-तीन इंच कापलेली असेल तर टोपी कधीच बसणार नाही, आणि हे लक्षात येतं तेव्हा बहुतेकांनी लाकडाचे पैसे आधीच भरलेले असतात.